सोयरिकीचे सुटे भाग

मोटारींच्या जगातही कुळे असतात आणि सोयरिकी असतात. बाहेरून पाहावे तर एक गाडी चारचौघांच्या कुटुंबाला सावकाश बाजारहाट करवून आणणारी, दुसरी अवघ्या दोघांना घेऊन वाऱ्याशी पैज लावणारी. परंतु बॉनेट उघडावे तो दोघींच्या पोटात इंजिन एकच! १९५२ साली इंग्लंडात ऑस्टिन आणि मॉरिस ही दोन मातबर घराणी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाली, आणि या सोयरिकींना मोठाच वाव मिळाला. कारण उघड होते. नव्या इंजिनाचे साचे नि ते घडविणारी यंत्रे यांवरील खर्च अफाट असतो. तो एका गाडीच्या माथी न मारता दहा गाड्यांत वाटला तरच परवडतो.

१९५१ साली ऑस्टिन ए-३० या चिमुकल्या गाडीत ८०३ घनसेंटिमीटरचे जे इंजिन आले ते 'ए' मालिकेचे मूळ पुरुष. पुढे ते ९४८ घनसेंटिमीटरचे होऊन १९५६ साली मॉरिस मायनरमध्ये बसले आणि १९५८ साली तेच ऑस्टिन-हीली स्प्राइट या क्रीडामोटारीत गेले. मायनरमध्ये त्याची शक्ती ३७ अश्वशक्ती, स्प्राइटमध्ये ४३. मग मायनरच्या मालकाच्या मनात जे यायचे ते आलेच: स्प्राइटला जे साधले ते आपल्या गाडीला का साधू नये?

या प्रश्नाचे पहिले उत्तर डोळ्यांना दिसते. स्प्राइटला एस.यू. जातीचे दोन कार्बुरेटर आहेत, मायनरला एक. तेव्हा जोडी आणावी आणि बसवावी. ती बसतेही, परंतु एवढ्याने होणारा लाभ मालकाच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच थोडा असतो. या इंजिनाच्या हेडमध्ये चार सिलिंडरांसाठी आत येणारी दारे दोनच. एका दारातून दोन सिलिंडरांनी आळीपाळीने श्वास घ्यावयाचा. बाहेर जाणारी दारे तीन, त्यांतील मधले दोघांत सामाईक. नाक अरुंद असताना खिडक्या दोन केल्या म्हणून श्वास दुप्पट होत नाही. झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, कॅमशाफ्ट, धूर बाहेर नेणारी नळी आणि कार्बुरेटरमधील सुई ही सारी मंडळी एकमताने चालली तरच ती वाढीव अश्वशक्ती पदरात पडते.

खरा धोका न दिसणाऱ्या ठिकाणी असतो. याच कुळातील १२७५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचे हेड मोठ्या झडपांचे, म्हणून हौशी मंडळींचा त्यावर डोळा असतो. १०९८ घनसेंटिमीटरच्या ब्लॉकवर ते जणू त्याच्यासाठीच घडविले असावे तसे बसते. परंतु मोठ्या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास सत्तर मिलिमीटरांहून अधिक आणि धाकट्याचा साडेचौसष्टच्या आसपास. मोठी निकास-झडप खाली येते ती सिलिंडराच्या पोकळीत न उतरता ब्लॉकच्या काठावर आदळते. तेव्हा ब्लॉकमध्ये तिच्यासाठी खाच कोरावी लागते, नाहीतर झडपेची उचल मर्यादित ठेवावी लागते. शिवाय नव्या हेडची पोकळी लहान असेल तर दाबाचे प्रमाण वाढते आणि इंजिन ठोके देऊ लागते. जाणता मिस्त्री अशा वेळी मऊ मातीची गोळी झडपेखाली ठेवून, इंजिन हाताने फिरवून, चेपलेल्या मातीची जाडी मोजतो. घाईचा मिस्त्री किल्ली फिरवतो.

कॅमशाफ्टची गोष्ट याहून फसवी. त्याच्या शेपटाकडील टोकावर तेलाचा पंप चालतो आणि तेथील जोड या एकाच मालिकेत निरनिराळ्या आकारांचे झाले. जोड जुळला नाही तर पंप फिरत नाही, आणि तेलावाचून बेअरिंगे जळावयास वेळ लागत नाही.

पण या साऱ्यांत हानी होते ती पैशाची. जिवाची हानी ब्रेकपाशी आहे, आणि नेमका त्याचाच विचार शेवटी होतो, ही या छंदातील सर्वांत खेदाची गोष्ट. १९६२ साली मायनरला १०९८ घनसेंटिमीटरचे इंजिन देताना खुद्द कारखान्याने पुढील ब्रेकचे ड्रम सातांवरून आठ इंचांवर नेले होते. जे शहाणपण कारखान्याने दाखविले ते मालकाने का दाखवू नये? येथेही सोयरीक उपयोगी पडते. १९५७ साली आलेली रायली वन-पॉइंट-फाइव्ह ही गाडी मायनरच्याच तळावर उभारलेली. तिचे नऊ इंची ड्रम म्हणूनच मायनरवाल्यांना प्रिय झाले.

या रायलीचे १४८९ घनसेंटिमीटरचे 'बी' मालिकेचे इंजिन भारतीयांना परके नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरने तेच इंजिन वर्षानुवर्षे वाहिले. मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांना ओढणारे हे सोशिक यंत्र १९५५ च्या एम.जी.ए. या डौलदार क्रीडामोटारीतही होते, हे सांगूनही कित्येकांना खरे वाटत नाही. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये सुमारे ५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन एम.जी.ए.मध्ये आरंभीच ६८ देत होते.

भारतातील हौशी मालकाने मात्र आणखी एक दार ठोठावले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. तेव्हा मोठ्या घनफळाचे इंजिन आणण्यापूर्वी, मिस्त्रीच्या आधी, प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन विचारणे भाग आहे. चोख ब्रेक, नीट बसविलेला कार्बुरेटर, स्वच्छ केलेले हेड एवढ्यावरही जुनी गाडी पुष्कळ तरतरीत होते, आणि तेवढ्याने प्रमाणपत्रातील घनफळाचा आकडा बदलत नाही.