एक वही, अनेक हात



संस्था लहान असली, तरी तिच्या हिशेबाची जबाबदारी लहान नसते. त्यातील प्रत्येक रुपया समाजाने विश्वासाने दिलेला असतो. पूर्वी कीर्द-खतावणी एकाच कारकुनाच्या हाती असे आणि नोंद कोणाची, हे अक्षरावरूनच कळे. संगणकावर सर्वांचे अक्षर सारखेच! म्हणून टॅलीसारखी हिशेबप्रणाली जेथे अनेकांच्या हाती असते, तेथे ‘ही नोंद कोणी केली?’ या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची सोय आधीच करावी लागते.

शाळा आणि वसतिगृह चालविणाऱ्या एखाद्या संस्थेचे उदाहरण घ्यावे. कोषाध्यक्ष शनिवारी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घरी नेतात आणि रविवारी देणग्यांच्या नोंदी पूर्ण करतात. सोमवारी सकाळी लिपिक कार्यालयातील मूळ प्रतीत खर्च लिहितो. सायंकाळी घरची प्रत मूळ प्रतीवर चढविली जाते आणि सोमवारचा खर्च पुसला जातो. दोघांचेही हेतू शुद्ध. हिशेब मात्र चुकलेला.

यावर उपाय साधा आहे. हिशेबाची चालू प्रत एकच असावी; ती कार्यालयातील एका संगणकावर ठेवून इतर संगणक त्यास जोडावेत. टॅलीचा ‘सिल्व्हर’ परवाना एका संगणकापुरता असतो, तर ‘गोल्ड’ परवाना कार्यालयांतर्गत जोडलेल्या अनेक संगणकांना चालतो. एवढा खर्च झेपत नसेल, तर एकाच संगणकावर वेळा वाटून काम करावे. दररोज बॅकअप घ्यावा. परंतु बॅकअप म्हणजे दुसरी वही नव्हे. तीत नव्या नोंदी करू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अनेक ठिकाणी सर्वांचा पासवर्ड एकच असतो आणि तो पडद्याशेजारी चिकटवलेलाही आढळतो. आपुलकीच्या वातावरणात वेगळा पासवर्ड मागणे अविश्वासाचे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. रोख रकमेत पाच हजारांचा फरक आला आणि सर्वजण एकाच नावाने काम करीत असले, तर संशय सर्वांवर येतो आणि निर्दोष कार्यकर्त्याजवळ स्वतःचे निर्दोषत्व दाखविण्याचे साधन उरत नाही. स्वतंत्र नाव हे त्याचे कवच आहे. म्हणून लिपिकाला नोंद करण्याचा अधिकार असावा, जुनी नोंद बदलण्याचा नसावा. रोकड सांभाळणारा आणि ती तपासणारा वेगळा असावा. तपासून झालेला महिना बंद करावा.

कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राखणारी आणि ती बंद न करता येणारी प्रणालीच वापरण्याचे बंधन आले. सार्वजनिक न्यासांना तो नियम नसला, तरी त्यामागील तत्त्व अनुकरणीय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार हिशेब ठेवण्याचे कर्तव्य विश्वस्तांचे आहे, लिपिकाचे नव्हे. संगणक लिपिकाच्या स्वाधीन केला, म्हणून ते कर्तव्य संपत नाही.

दात्याने पावती मागितली नाही, तरी ती देणे हा संस्थेचा धर्म असतो. तसेच कोणी विचारले नाही, तरी प्रत्येक नोंदीमागे एक नाव असावे. विश्वास माणसांवर असावाच. तो टिकविण्याचे काम व्यवस्थेने करावे.