पाचशे एक रुपयांचा फोन
(वासंतिक व्याख्यानमाला : पुष्प तिसरे)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांना २००३चा पावसाळा आठवत असेल. त्या जुलैत रिलायन्सची ‘मान्सून हंगामा’ योजना आली. ५०१ रुपये भरा, हँडसेट घरी न्या आणि बाकीचे पैसे पुढे महिन्या-महिन्याला द्या. देशात मोबाइल सुरू झाला १९९५ मध्ये, आणि तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. आठ वर्षांत तीच वस्तू पाचशे एकावर आली म्हटल्यावर रांगा लागणारच होत्या. ५०१ हा आपल्याकडे आहेराचा आकडा. पाकिटातून काढताना हात आखडत नाही. पण तो आकडा फोनची किंमत नव्हता, फोन हातात पडण्याची किंमत होता. या दोन गोष्टींमधला फरक, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी एकोणीस वर्षं शिक्षकांच्या एका पतसंस्थेचा मानद सचिव होतो. आमच्याकडे पूर्वी कर्जाचे अर्ज यायचे ते लग्नासाठी, घराच्या कौलांसाठी, मुलांच्या फीसाठी. शेवटच्या काही वर्षांत अर्जात ‘मोबाइल’ लिहिलेलं दिसू लागलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरांचा अभ्यास, रेशनचा ओटीपी, बँकेचा व्यवहार, सगळं त्या पाटीवर आलं आहे. गरज खरी आहे. म्हणूनच तिची किंमत नीट मोजली पाहिजे.

आता हिशेबाकडे येतो. पाचशे एक हा आकडा २०२१च्या दिवाळीत पुन्हा भेटला. जिओफोन नेक्स्ट बाजारात आला, रोख किंमत ६,४९९ रुपये. हप्त्यानं हवा असेल तर १,९९९ रुपये आधी, वर ५०१ रुपये प्रोसेसिंग फी, आणि मग १८ किंवा २४ महिने हप्ता. त्या हप्त्यातच रिचार्ज मिसळलेलं. रोज दीड जीबी डेटाची योजना २४ महिन्यांसाठी घेतली, तर महिना ४५० रुपये.

करा बेरीज. ४५० गुणिले २४ म्हणजे १०,८००. त्यात सुरुवातीचे २,५००. एकूण १३,३०० रुपये. आता दुसरा माणूस घ्या. त्यानं ६,४९९ रोख मोजले आणि त्याच कंपनीचं दीड जीबीचं, २८ दिवसांचं रिचार्ज स्वतः मारत राहिला. त्या डिसेंबरपासून त्याचा दर २३९ रुपये होता. दोन वर्षांत अशी २६ रिचार्ज बसतात, ६,२१४ रुपये. फोन धरून १२,७१३. दोघांत फरक ५८७ रुपयांचा, आणि त्यातले ५०१ त्या फीचेच!

हे मी कंपनीला दोष द्यायला सांगत नाही. सगळे आकडे छापलेले होते, लपवलेलं काही नव्हतं, आणि ज्याच्याकडे साडेसहा हजार एकरकमी नाहीत त्याला दोन वर्षांची सोय ५८७ रुपयांत मिळाली, तर ती फार महागही नाही. मला खटकतं ते वेगळंच. हा फरक काढायला मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं, कारण फोन, कर्ज आणि रिचार्ज या तीन वस्तूंची एकच मोट बांधलेली होती. शिवाय रोखीनं घेतलेल्या माणसाचं काम सुटलं, तर तो पुढच्या महिन्यात छोटं रिचार्ज मारून निभावून नेतो. हप्तेवाल्याला २४ महिने ४५० चुकत नाहीत. ही मोकळीक बेरजेत दिसत नाही, पण अडचणीच्या महिन्यात तिचं मोल कळतं.

आज दुकानात याहून साधी दिसणारी पाटी असते : ‘नो कॉस्ट ईएमआय’. पूर्वी तिथं ‘झिरो पर्सेंट’ असायचं. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. आपल्या आज्या हे परिपत्रकावाचून जाणत होत्या.

मग ‘नो कॉस्ट’मध्ये होतं काय? २०,००० रुपयांचा फोन धरा. क्रेडिट कार्डावर सहा हप्ते, बँकेचा व्याजदर १५ टक्के. सहा हप्त्यांत मिळून २०,०००च भरायचे, तर मुद्दल बसतं १९,१५३ आणि व्याज ८४७. हे ८४७ विक्रेता किमतीतून सूट म्हणून सोडतो, बँक तेच व्याज म्हणून घेते. तुम्हाला वाटतं, फिटंफाट. पण कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो, ते १५२ रुपये तुमच्या बिलात येतात. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर करासकट २३५. हे झाले ३८७.

खरा फटका मात्र बिलात दिसतच नाही. त्याच दुकानात तुम्ही विचारलं असतंत, “दादा, आत्ता सगळे पैसे देतो, किती कमी कराल?” आणि तो म्हणाला असता, “हजार कमी करतो,” तर फोनची खरी किंमत १९,००० होती. म्हणजे हप्त्याच्या सोयीसाठी तुम्ही १,३८७ रुपये मोजलेत. कुणी म्हणेल, एकोणीस हजारांवर चौदाशे म्हणजे सात टक्के. तसं नाही. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, त्यामुळे सहा महिने सरासरी साधारण अकरा हजारच तुमच्याकडे होते, आणि तेही अर्ध्या वर्षासाठी. वर्षाचा दर काढला तर सुमारे २५ टक्के पडतो. पंचवीस! आमच्या संस्थेनं असा दर लावला असता, तर सभासदांनी वार्षिक सभा बंद पाडली असती, आणि योग्यच केलं असतं.

उलट बाजूही सांगतो. दुकानदार रोखीला एक रुपयाही सोडायला तयार नसेल आणि फी नसेल, तर हप्ता घ्यावा. तुमचे वीस हजार एकदम जाणार नाहीत, सहा महिन्यांत हप्त्या-हप्त्यानं बँकेतून निघतील. माझा हप्त्याला विरोध नाही. रोखीचा भाव विचारण्याआधी हप्ता विचारण्याला आहे. दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य ‘हप्ता किती बसेल?’ हे असेल, तर समोरच्यानं तुम्हाला ओळखलं. तो सहाचे बारा महिने करील, हप्ता निम्मा झालेला दाखवील, आणि त्या निम्म्यात स्क्रीनचा विमाही बसवील.

हे घरात घडलेलं आहे. माझ्या भाच्याच्या फोनबरोबर असा विमा आला. त्याला वाटलं, वॉरंटी आहे. पुढे एका महिन्यात खात्यात शिल्लक कमी पडली आणि हप्ता परत गेला. दंड दोन्हीकडून : त्याच्या बँकेनं वेगळा कापला, कर्ज देणाऱ्यानं वेगळा लावला. त्याहून वाईट म्हणजे कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या सिबिलकडे त्याची नोंद गेली. दोन वर्षांनी दुचाकीच्या कर्जासाठी गेला, तेव्हा अधिकाऱ्यानं ती ओळ दाखवून खुलासा मागितला. मुलगा घरी येऊन रात्री जेवला नाही. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची घ्या, हे त्याला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं.

एक हत्यार आता आपल्या हातात आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक मुदत कर्ज देताना बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सगळ्या फिया मिळवून वर्षाला खरा दर किती पडतो, तो त्यात एका आकड्यात लिहिलेला असतो. क्रेडिट कार्ड या नियमातून वगळलं आहे, तिथं हिशेब आपला आपणच करायचा. पण दुकानात टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला कर्ज देत असेल, तर सही करण्याआधी तो कागद मागा. मराठीत मागा.

उसने पैसे लागणारच असतील, तर ते फोनच्या दुकानातच का घ्यायचे? कर्ज एकीकडून घ्या, वस्तू दुसरीकडून. पगारदार पतसंस्थेनं १२ टक्क्यांनी १९,००० दिले आणि तुम्ही सहा महिन्यांत फेडले, तर व्याज जातं साधारण पावणेसातशे. वर रोखीची हजाराची सूट तुमच्या पदरात. बायकांच्या बचत गटात दर महिना दोन टक्के असला, तरी ते व्याज गटाच्याच पेटीत राहतं आणि वाटपाच्या वेळी त्यातला वाटा तुम्हालाही मिळतो. घाई नसेल, तर भिशी लागेपर्यंत थांबावं. फोनच्या बाबतीत थांबणाऱ्याला सहसा भाव कमीच मिळतो.

रिचार्जविषयी थोडक्यात बोलतो. २८ दिवसांची तेरा आवर्तनं म्हणजे ३६४ दिवस. आपण महिन्याचं रिचार्ज म्हणून वर्षाला बारा धरतो आणि तेरावं गुपचूप भरतो. ग्राहकांच्या तक्रारींनंतर २०२२च्या जानेवारीत दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं आदेश काढला, की प्रत्येक कंपनीकडे ३० दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी, अशी प्रत्येकी किमान एक तरी योजना हवी. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, फक्त कॉल आणि एसएमएस असलेलं रिचार्ज ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. घरातल्या आईवडिलांचा साधा बटणांचा फोन आठवा. ज्यात इंटरनेट उघडतच नाही, त्या फोनवर रोज दीड जीबीचे पैसे किती घरं भरत आली!

परवा आमच्या शेजारच्या वहिनी मुलीच्या फोनसाठी दुकानात निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही चला.” मी म्हटलं, तुम्हीच जा, फक्त तीन भाव वेगवेगळे लिहून आणा : रोखीचा, हप्त्यांची एकूण बेरीज आणि जुन्या फोनचे किती देतो ते. तासाभरानं परत आल्या. वहीच्या पानावर चार दुकानांची नावं होती आणि प्रत्येकापुढं तीन आकडे. रोखीच्या भावातच चार दुकानांत तेराशे रुपयांचा फरक निघाला होता. फोन त्यांनी त्या दिवशी घेतला नाही. बचत गटाची सभा पाच तारखेला आहे म्हणाल्या.