जुन्या मोटारींतील थंड हवा



साताऱ्यास आमचें बिऱ्हाड आणि सांगलीस कन्येचें सासर. त्यामुळें आमच्या वीस वर्षांच्या मोटारीला कऱ्हाडवरून जाणारी वाट पाठ झाली आहे. दोन वर्षांपूर्वीं एप्रिलमधील एका दुपारीं पेठ नाका ओलांडल्यावर आमच्या सौभाग्यवतींस उन्हानें घेरी आली. गाडी झाडाखालीं घेऊन मीं तोंडावर पाणी शिंपडलें. सावध होतांच त्यांनीं विचारलें, “अहो, गॅस तर परवांच भरला होता ना?”

भरला होता. आदल्या वर्षींही भरला होता. गार वाटत नाहीं म्हणतांच कारागिरानें गॅस भरावा आणि मीं पैसे मोजावे, असा परिपाठच पडला होता. ‘आधीं प्रश्न नीट वाचा’ म्हणून मुलांना जन्मभर बजावणाऱ्या मास्तरानें गाडीचा प्रश्न वाचलाच नव्हता!

हा गॅस पेट्रोलप्रमाणें जळून संपत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. काँप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्यें उष्णता टाकून तो द्रव होतो आणि आंतल्या कूलिंग कॉइलमध्यें पुन्हां वायु होतांना भोंवतालची उष्णता शोषतो. तो कमी झाला तर कोठें तरी गळती आहे. ती न शोधतां भरणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें.

म्हणून पहिला प्रश्न हा, कीं हवा कमी येते, कीं भरपूर येऊन गरम येते? धांवतांना गार आणि कऱ्हाडच्या गर्दींत थांबतांच गरम, असें झालें तर कंडेन्सरचा पंखा तपासावा. ब्लोअर मुळींच फिरत नसेल तर आधीं फ्यूज पाहावा. फ्यूज वारंवार उडत असल्यास त्या जागीं जाड तार घालूं नये, गाडी पेट घेईल. ब्लोअर केवळ शेवटच्या वेगावर चालत असेल तर बहुधा रेझिस्टर जळालेला असतो, कारण त्या वेगास त्याची गरज नसते. पायाशीं पाणी सांचलें तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. गॅसच्या नळ्या मात्र घरीं सोडूं नयेत. सुटलेला गॅस कातडी गोठवतो. फार जुन्या गाडींत आर-१२ गॅस असूं शकतो. ओझोनच्या रक्षणार्थ झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळें तो मागें पडला. त्यांत नंतरचा आर-१३४ए मिसळूं नये.

आमच्या गाडींत काय निघालें? सांगलीच्या एका वायरमननें डॅशबोर्डचा कप्पा उतरविला. गॅस पुरेसा, पंखा धड. पण कूलिंग कॉइलवर धूळ, उसाच्या पाचटाची काळी राख आणि चिंचेचा बारीक पाला यांची गोधडी बसलेली! आमच्या गाडीस हवेचा फिल्टर नाहीं. काचेखालच्या जाळींतून हें सारें आंत गेलें होतें. वायरमन पाला काढीत होता आणि सौभाग्यवती शेजारीं खुर्ची टाकून आळीपाळीनें त्या ढिगाकडे व माझ्याकडे पाहत होत्या.

कन्येच्या दारांत चिंचेवांचून दुसरी सांवली नाहीं, तेव्हां गाडी अजूनही तेथेंच लागते. त्या जाळीवर आतां एक जुनें पातळ पसरलेलें असतें, आणि निघतांना तें काढण्याची आठवण मला करून द्यावी लागते.