चौघांचा एक निबंध
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "परदेशात काय शिकलीस त्यावर बोल." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, तेव्हा संगणकावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी बोलणार आहे निबंधावर. ज्यांनी आपल्याला निबंध शिकवला ते सर आणि बाई पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून थोडी धाकधूक आहे.

'विज्ञान : शाप की वरदान' आठवतो ना? एक परिच्छेद शापाचा, एक वरदानाचा आणि शेवटी 'सारे काही वापरणाऱ्यावर अवलंबून आहे'. आपण हसतो, पण मुद्द्यागणिक परिच्छेद करायची सवय मला त्याच निबंधाने लावली. पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सलग दोन पानं स्वतःच्या मनाने लिहायची वेळच आली नाही. प्रॅक्टिकलची जर्नलं भरली, पण ती कशी भरली जातात हे इथल्या इंजिनिअर मंडळींना मी सांगायला नको.

नोकरीत मात्र रोज लिहावं लागतं. अमुक पद्धत का निवडली, तमुक का नको, हे चार पानांत पटवून द्यावं लागतं. म्हणून २०१९ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मी कॅलिफोर्नियात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या लेखनवर्गाला नाव घातलं. हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. तिथे कोणत्याही वयाचा माणूस प्रवेश घेऊ शकतो. अमेरिकेत बहुतेक कॉलेजांत शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षी लेखनाचा विषय घ्यावाच लागतो. हार्वर्डने तो १८८५ मध्ये सुरू केला आणि मग तो देशभर पसरला.

शेवटचं मोठं काम होतं चौघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिण्याचं. नियम तीन. पहिला, एक ठाम दावा करायचा, आणि तो असा की शहाणा माणूसही त्याला विरोध करू शकेल. दुसरा, विरोधकाचं म्हणणं अशा शब्दांत मांडायचं की ते वाचून त्याने म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." आपल्या शास्त्रीपंडितांनी यालाच पूर्वपक्ष म्हटलं आहे. तिसरा नियम सर्वांत अवघड: चौघांची नावं लागणार, तेव्हा प्रत्येक वाक्य चौघांना मान्य हवं.

आमच्या गटात नुकताच शाळा संपवलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, पोहण्याच्या स्पर्धांत उतरणारी एक मुलगी, हॉस्पिटलात रुग्णसेविका असलेली दोन मुलांची आई आणि मी. विषय निवडला शाळेच्या वेळेचा: हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरू नये. तेव्हा तिथे हा विषय गाजत होता. तसा कायदा करणारं विधेयक २०१८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, पण गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी 'हे ठरवणं स्थानिक लोकांवर सोडावं' म्हणून ते परत पाठवलं. २०१९ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं होतं.

पुरावा भरपूर होता. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. 'लवकर झोप' असं आईने कितीही सांगितलं तरी मुलाला झोप येत नाही, त्यामागे हे कारण आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच साडेआठ किंवा त्यानंतरची वेळ सुचवली होती. सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कुलांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. तिथल्या दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून अभ्यास झाला. झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढल्याचं दिसलं.

मला वाटलं, झालं, आकडा मिळाला. पण वर्गात आम्हाला स्टीफन टुलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाची रीत शिकवली होती. दावा वेगळा, पुरावा वेगळा, आणि पुराव्यावरून दाव्याकडे नेणारा पूल वेगळा. तो पूल तपासायचा. पोहणारी मुलगी म्हणाली, "दोन शाळा, एक शहर. शिवाय आधीची मुलं वेगळी, नंतरची वेगळी. आमच्या गावात शाळा उशिरा सुटली तर माझा सराव रात्री जाईल. मग मी जास्त झोपेन कशावरून?" आम्ही 'सिद्ध झाले आहे' खोडून 'दिसून आले आहे' लिहिलं. मला तर ते रोजच्या कामासारखंच वाटलं. एका सर्व्हरवर प्रोग्राम चालला म्हणजे सगळीकडे चालेलच, असं आम्ही कधी धरत नाही.

खरी कसोटी पुढे होती. रुग्णसेविका बाईंची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची. त्या म्हणाल्या, "शाळा साडेआठला उघडली, तर मी कामावर गेल्यावर माझी मुलं दीड तास कुठे थांबणार?" शिवाय अनेक ठिकाणी त्याच बसगाड्या आधी एका शाळेची मुलं सोडतात, मग दुसऱ्या. हायस्कूलची वेळ हलवली की लहान मुलांचीही हलते. एकोणीस वर्षांच्या मुलाचं मत पडलं, की हे अपवाद आहेत, शेवटी एका वाक्यात टाकू. त्या दिवशी गूगल डॉक्समध्ये त्या वाक्याच्या बाजूला बाईंनी टिप्पणी लिहिली, "मग माझं नाव काढा."

आठवडाभर गटात कुणी धड बोलेना. सोपा मार्ग होता मधलं गुळमुळीत वाक्य घालायचा, आपल्या 'वापरणाऱ्यावर अवलंबून'सारखा. पण दावा ठाम हवा हा पहिला नियम आडवा आला. तेव्हा शिक्षिकेने सुचवलं: ज्याचा ज्या मुद्द्याला विरोध आहे, त्यानेच तो लिहावा. त्या मुलाने पालकांच्या अडचणींचा भाग लिहिला, बाईंनी झोपेच्या शास्त्राचा. तो मुलगा बाईंना विचारत बसला: किती वाजता निघता, मुलांना कोण उठवतं, पाळणाघराला किती पैसे लागतात. बाईंनी मेलाटोनिनवरचे लेख वाचले आणि त्यांच्या मोठ्या मुलीला सकाळी उठवताना घरात काय होतं, ते त्यांना नव्याने कळलं.

अखेर दावा बदलला: हायस्कूल साडेआठला किंवा नंतर भरावं, पण शाळेचं फाटक आधीपासून उघडं असावं आणि आत मुलांवर लक्ष ठेवायला माणूस असावं. आधीच्यापेक्षा दावा लहान झाला, पण तो खोडून काढणं अवघड झालं. आणि चारही नावं राहिली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये विधेयकावर सही झाली, २०२२ च्या जुलैपासून कायदा लागू झाला. आमच्या निबंधामुळे नव्हे, हे वेगळं सांगायला नको! त्यातही ग्रामीण भागाला सूट ठेवली आहे.

मी हे आज इथे का सांगते आहे? कारण शाळेच्या वेळेचा प्रश्न आपल्या दारातही आला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची, रिक्षावाल्या काकांची, नोकरी करणाऱ्या आईची त्यावर मतं वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही आहे.

म्हणून सर, बाई, माझी एक विनंती आहे. नववीच्या मुलांना वर्षातून एकदा चौघांत मिळून एक निबंध लिहायला द्यावा. गट मित्रामित्रांचा नको, मतं जुळत नाहीत अशांचा असावा. विषय गावातला असावा, माणसांना जाऊन विचारता येईल असा. आपल्या शाळेची वेळ हाच पहिला विषय घ्या. मुलं शिपाईकाकांना विचारतील, रिक्षावाल्यांना विचारतील, घरी आईला विचारतील. आज मोबाइलवर क्षणात सुबक परिच्छेद लिहून मिळतो, पण 'मग माझं नाव काढा' असं म्हणणारं माणूस शेजारीच बसलेलं लागतं.

गुणदानाची अडचण येईल, मला कल्पना आहे. तपासायला हात हवे असतील, तर आमच्या बॅचमधले आम्ही काही जण ऑनलाइन मदत करायला तयार आहोत. पहिला गठ्ठा माझ्याकडे पाठवा.

शुद्धलेखनाचे गुण मात्र बाईच देतील.