टोकियोची पिवळी बस

आज टोकियो फिरायचं, तेही पिवळ्या ‘हातो बस’मधून. हातो म्हणजे कबुतर. ही कंपनी १९४८ साली सुरू झाली, म्हणजे युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. शहर अजून सावरतंय आणि ही माणसं पर्यटकांना फिरवायचा विचार करतायत! मला हे भारी वाटतं.

असाकुसाचं सेन्सो-जी मंदिर घ्या. परंपरेनुसार स्थापना ६२८ सालची. पण आज जिथे आपण हात जोडतो, ती मुख्य इमारत १९५८ ची आहे. आधीची १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. ३३३ मीटर उंच टोकियो टॉवरही १९५८ चाच आणि त्यात भंगारात काढलेल्या रणगाड्यांचं पोलादसुद्धा आहे.

खिडकीतून यातलं काहीच कळत नाही. म्हणून गाइड बोलत असेल तेव्हा इयरफोन काढा, अगदी आमचा पॉडकास्ट चालू असला तरी! आणि प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न नक्की विचारा: इथे १९४५ च्या आधी काय होतं?

चला, भेटू पुढच्या भागात.