आनंदाची वार्ता लपवावी का?



मध्यंतरी एके संध्याकाळी माझ्या ओळखीची एक तरुण शिक्षिका घरी आली. चहा झाला, शाळेच्या परीक्षांच्या गोष्टी झाल्या, आणि निघता निघता उंबरठ्यापाशी थबकून ती म्हणाली, “बाई, मला दिवस गेले आहेत. पण एवढ्यात कुणाजवळ बोलू नका.” मी तिला जवळ घेतले, परंतु तिच्या मुद्रेवर आनंद नव्हता, धास्ती होती. एका खाजगी शाळेत तिची नेमणूक वर्षावर्षाच्या कराराने होते. वार्ता आधी कळली तर पुढचा करार मिळणार नाही, आणि उशिरा सांगितली तर रजेचा पगार मिळणार नाही, अशा कात्रीत ती सापडली होती.

आपल्याकडे पहिले तीन महिने ही वार्ता घरातच ठेवण्याची चाल आहे. आमच्या ख्रिस्ती घरात ओटीचा विधी नाही; पण शेजारच्या काकू सुनेची चोरओटी भरीत, तेव्हा मला मुद्दाम बोलावीत. त्या चोरून ठेवण्यातही केवढा लाड असे! कुणाची दृष्ट लागू नये म्हणून झाकलेला तो आनंद असे. आज मात्र नोकरी करणाऱ्या कित्येक मुली हीच वार्ता वरिष्ठांपासून लपवतात, आणि त्या लपवण्यात लाडाचा लवलेशही नसतो.

ही धास्ती मी स्वतः भोगली आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मीही अशाच कराराच्या नोकरीवर होते. पाचवा महिना लागला तेव्हा व्यवस्थापकांनी मला बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितले, “आता तुम्ही विश्रांती घ्या. पुढच्या वर्षाचे पुढे पाहू.” ते ‘पुढे’ कधी आले नाही. मी नमस्कार करून घरी आले. कायदा काय म्हणतो हे विचारण्याचे मला सुचलेसुद्धा नाही. उलट, आपलेच काही चुकले अशी अपराधाची भावना मनात घेऊन मी बसले. माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तो उसन्या पैशांवर. आज मला राग येतो तो व्यवस्थापकांचा नव्हे, माझ्या त्या अज्ञानाचा.

बाळंतपण हा स्त्रीचा दुसरा जन्म, असे आपण म्हणतो. बुऱ्हाणपूरकरांना हे कुणी समजावून सांगायला नको. तापीपलीकडे जैनाबादला जी जागा आपण पाहुण्यांना दाखवतो, तिथे मुमताज महलचा देह काही महिने विसावला होता. १६३१ साली याच नगरात, चौदाव्या बाळंतपणात, तिचा अंत झाला. वैद्य, दासी, धन, कशाचीच तिला वाण नव्हती. मग जी बाई वर्गात दिवसभर उभी राहते, किंवा यंत्रमागाच्या खडखडाटात कांड्या भरते, तिला विश्रांतीची आणि पोटाच्या आधाराची गरज किती असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

हा विचार आपल्या लोकांनी फार पूर्वी केला होता. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने मातृत्व-संरक्षणाचा ठराव केला. त्या परिषदेस हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. त्यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात तशा कायद्याचे विधेयक आणले. ते संमत झाले नाही. पुढे मुंबई विधिमंडळात आसवले यांनी विधेयक मांडले. त्याच्या पाठिंब्यासाठी २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने सोसला पाहिजे, परंतु तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला, आणि १९३० साली मध्यप्रांताचा. आपले बुऱ्हाणपूर त्या वेळी मध्यप्रांतातील निमाड जिल्ह्यात होते. म्हणजे हा हक्क आपल्या गावाला नवा नाही. त्याला नव्वदांहून अधिक वर्षे झाली.

परंतु कायदा आला आणि त्याच्यामागोमाग पळवाटही आली. बाळंतपणाचा पैसा एकट्या मालकाने द्यायचा, म्हटल्यावर काही मालकांनी सोपी युक्ती काढली: बाई गरोदर असल्याची चिन्हे दिसताच तिला कामावरून दूर करायचे, किंवा कुमारिका, विधवा आणि वय उलटलेल्या बायकाच कामावर घ्यायच्या. रेगे समितीने १९४६ सालच्या आपल्या अहवालात ही गोष्ट नमूद केली आहे. तात्पर्य, नोकरीला संरक्षण नसेल तर पगाराचे संरक्षण लंगडे पडते. किंबहुना, आईच्या भल्यासाठी केलेला कायदाच तिला घरी बसवण्याचे निमित्त ठरतो.

हा धडा घेऊनच १९६१ चा प्रसूती लाभ कायदा झाला. त्यात प्रथम बारा आठवड्यांची भरपगारी रजा होती. २०१७ पासून ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण ज्या तरतुदी मी आता सांगणार आहे, त्या संहितेतही कायम आहेत. त्या मुलींनी नीट ऐकाव्यात.

पहिली गोष्ट. कारखाना असो, वा दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेले दुकान वा आस्थापना असो, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या स्त्रीला हा लाभ मिळतो. दुसरी गोष्ट. या रजेवर असताना तिला कामावरून काढणे बेकायदा आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेकींना ठाऊक नसते. गरोदरपणी केव्हाही नोकरीवरून काढले, तरी जो प्रसूतीचा पगार तिला एरवी मिळाला असता, तो बुडत नाही. अपवाद एकच, गंभीर गैरवर्तनाचा. आणि गरोदर असणे हे गैरवर्तन नव्हे! चौथी गोष्ट. बाळंतपणापूर्वीच्या काळाचा पगार गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळायचा असतो, आणि उरलेला, मूल जन्मल्याचा पुरावा दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत.

“पण बाई, मी तर कराराची!” असे ती मुलगी म्हणाली. रोजंदारीच्या स्त्रियांनाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले. करारावर काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये तेच न्यायालय म्हणाले, की करार मध्येच संपला तरी लाभ संपत नाही. आणि आपल्याच मध्यप्रदेशातील उदाहरण पाहा. २०२३ साली सेवेतून दूर केलेल्या दोन महिला न्यायाधीशांना २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सेवेत घ्यायला लावले. त्यांपैकी एकीचा सेवेत असताना गर्भपात झाला होता. तिचे काम जोखताना त्या आघाताचा विचार व्हायला हवा होता, हे न्यायालयाने बोलून दाखवले. जिथे न्यायासनावर बसलेल्या स्त्रीलाही न्यायासाठी दार ठोठवावे लागते, तिथे आपण घाबरलो तर त्यात लाज कसली? मात्र घाबरून गप्प बसू नये.

याचा अर्थ सर्व काही सुरळीत आहे, असा मी मुळीच करीत नाही. छोट्या संस्थेला सव्वीस आठवड्यांचा पगार एकटीने देणे जड जाते, हे खरे आहे. म्हणूनच मला कर्मचारी राज्य विमा योजनेची रीत अधिक शहाणपणाची वाटते. तिथे मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का वर्गणी भरतो, आणि बाळंतपणाचा पैसा विमा महामंडळ देते. आईचा भार एकाच्या डोक्यावर न पडता अनेकांच्या खांद्यावर वाटला गेला, की तिला दूर करण्याचा मोहच उरत नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर या दिशेने आहे. पण ही योजना सर्वांपर्यंत पोचलेली नाही. घरोघरच्या मागांवर कांड्या भरणाऱ्या, केळीच्या बागांत राबणाऱ्या आपल्या बहिणींना ना करार, ना हजेरीपट. त्यांच्या वाट्याला येतात ते मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे पाच हजार रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. नाही म्हणण्यापेक्षा बरे. पण तेवढ्यात विश्रांती विकत मिळत नाही.

असो. त्या मुलीला मी काय सांगितले, ते सांगून हे भाषण संपवते. मी म्हटले, “वार्ता लपवू नकोस, पण नुसती तोंडीही सांगू नकोस. डॉक्टरांचा दाखला घे. कोणत्या तारखेपासून रजा हवी, पैसे कुणाच्या नावे द्यायचे, आणि त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढे लिहून अर्ज दे, आणि त्याच्या प्रतीवर पोच घे. नेमणुकीचे कागद, पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद जपून ठेव. नकार आला तर तो लेखी माग, आणि कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे जा.” तिने विचारले, “आणि त्यांनी राग धरला तर?” मी म्हटले, “राग धरतील. पण सोळा वर्षांनी तुला स्वतःचा राग येणार नाही.”

चार दिवसांनी ती पुन्हा आली. पोच असलेली प्रत तिने पर्समधून काढून मला दाखवली. उत्तर अद्याप यायचे आहे. पण त्या दिवशी ती उंबरठ्यापाशी कुजबुजली नाही, आत येऊन खुर्चीवर बसली, आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, “बाई, काहीतरी आंबट आहे का घरात?”