अनेक भाषांची एक मंडळी

बंगळूर शहरात शिवाजीनगर नावाचा एक भाग आहे. हे नाव कानी पडताच मराठी माणसाला आपलेपणा वाटावा, हे स्वाभाविकच होय. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा इतिहास त्याच्या परिचयाचा असतो. परंतु या शिवाजीनगराची आजची ठळक खूण म्हणजे तेथील सेंट मेरी बॅसिलिका. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस तेथे ध्वज उभारला जातो, नऊ दिवस नोव्हेना चालते आणि ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्मोत्सवाची रथयात्रा निघते. मूर्तीस साडी नेसविलेली असते. दर्शनाला ख्रिस्ती लोक येतात, तसेच अन्य धर्मांचे लोकही येतात. तमिळ, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत तेथे उपासना होते. एका छताखाली अनेक भाषांची माणसे कशी नांदतात, आणि ख्रिस्तसभा दुर्बळांना आधार देते म्हणजे नेमके काय करते, याचा विचार करण्यास हे स्थळ फार योग्य आहे.

या देवालयाचा जन्मच मुळी परक्या मुलखातून आलेल्या लोकांसाठी झाला. १८०९ साली इंग्रजांनी बंगळूरला लष्करी छावणी वसविली. तिच्या पाठोपाठ मद्रास इलाख्यातून शिपाई, मजूर, आचारी अशी कितीतरी तमिळ कुटुंबे आली. श्रीरंगपट्टणाच्या पाडावानंतर म्हैसूर प्रांतात आलेले आबे द्युबुआ हे फ्रेंच धर्मगुरू त्या काळी तेथील ख्रिस्ती लोकांची व्यवस्था पाहत होते. देवीची लस टोचण्याच्या कार्यातही त्यांनी मोठा पुढाकार घेतला होता. त्यांनी १८१८ साली गवताने शाकारलेले एक लहानसे प्रार्थनामंदिर उभारले. आजची गॉथिक धर्तीची वास्तू १८७५ ते १८८२ या काळात बांधली गेली, आणि १९७३ साली तिला बॅसिलिकेचा मान मिळाला.

उपासना लॅटिनमध्ये चालत होती तोवर भाषेचा प्रश्न तितकासा तीव्र नव्हता; ती भाषा कोणाच्याच घरची नव्हती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वेदीवर स्थान दिले. हा निर्णय उदार होता. पण बंगळुरात लगेच प्रश्न उभा राहिला, की कोणत्या लोकांची भाषा? आपल्याच भूमीत आपली भाषा मागे पडते, असे कन्नड भाविकांना वाटले. ज्या वेदीसमोर पिढ्यानपिढ्या गुडघे टेकले तेथून आपल्याला दूर लोटले जात आहे, असे तमिळ भाविकांना वाटले. हा कलह कित्येक दशके धुमसत राहिला. दोन्ही बाजूंचे दुःख खरे होते. प्रेमाचा उपदेश करणाऱ्या संस्थेतही आपलेपणाची वाटणी किती अवघड असते, हे त्यातून दिसून आले.

प्रॉटेस्टंट पंथीयांनी वेगळ्या वाटेने हाच प्रश्न हाताळला. २७ सप्टेंबर १९४७ रोजी अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर काही पंथ एकत्र येऊन दक्षिण भारताची ख्रिस्तसभा स्थापन झाली. बंगळुरात तिच्या कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजी मंडळ्या आहेत. अलीकडच्या काळात नागालँड, मिझोराम, मणिपूर येथून शिक्षणासाठी व चाकरीसाठी आलेल्या तरुणांची त्या शहरात भर पडली. कोणी उपाहारगृहात वाढपी, कोणी इमारतीचा पहारेकरी, कोणी रुग्णालयात परिचारिका. यांच्या लहान मंडळ्यांना स्वतःची वास्तू नसते. एखाद्या जुन्या चर्चने रविवारी दुपारी आपले सभागृह मोकळे करून दिले, तर तेथे त्यांना मातृभाषेत प्रार्थना करता येते. शिवाय कोठे खोली रिकामी आहे, कोणाची मजुरी अडकली आहे, कोण आजारी आहे, हे सारे तेथेच कळते. दोन तासांची ती जागा परक्या शहरात गावाचे काम करते.

अशा गावाची गरज किती असते, हे ऑगस्ट २०१२ मध्ये दिसले. आसामातील दंगलींनंतर बंगळुरात अफवा पसरल्या, आणि ईशान्येकडील हजारो माणसांनी रेल्वे स्थानक गाठले. गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या. या लोकांवर मोठा हल्ला असा झालाच नव्हता. तरी आपल्या पाठीशी या शहरात कोणी उभे राहील, हा विश्वास मात्र कमी पडला होता. अफवेला उतार पडतो तो ओळखीच्या शेजाऱ्याच्या शब्दाने. आणि ओळख संकटाच्या दिवशी करता येत नाही. ती आधीच्या अनेक रविवारी व्हावी लागते.

सेवेच्या क्षेत्रात ही ओळख अधिक सहज होते. १८८६ साली गुड शेफर्ड भगिनींनी स्थापिलेले सेंट मार्थाज रुग्णालय, किंवा रस्त्यावरच्या मुलांसाठी सलेशियन संघाने १९८० साली सुरू केलेले ‘बॉस्को’ हे कार्य पाहावे. रेल्वे स्थानकावर एकट्या सापडलेल्या मुलाला प्रथम अन्न आणि निवारा हवा असतो. त्याची भाषा मागाहून शिकता येते. महाराष्ट्राला हे नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतून निराधार मुली व स्त्रिया आणल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आसरा दिला. रमाबाई स्वतः कर्नाटकातील रानात जन्मलेल्या होत्या.

तथापि आश्रय देणे ही केवळ पहिली पायरी होय. सभागृहाची किल्ली दर रविवारी मागून घ्यावी लागते, तोवर पाहुणा पाहुणाच राहतो. ज्या दिवशी कारभाराच्या बैठकीत त्याच्यासाठी खुर्ची मांडली जाते, खर्चाचा आणि वेळापत्रकाचा निर्णय घेताना त्याचे मत विचारले जाते, त्या दिवशी अनेक भाषांची ती माणसे खऱ्या अर्थाने एक मंडळी होतात. बंगळूरच्या ख्रिस्ती समाजापुढे आज हेच काम आहे. आणि बाहेरगावच्या माणसांच्या श्रमावर वाढणाऱ्या मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मंदिरांना, मशिदींना व मंडळांनाही ते टाळता येण्यासारखे नाही.